डब्यात न पडलेले नाणे

दिनांक ९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी चार वाजून वीस मिनिटे. या वेळी मी रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, खाट क्रमांक सहावर बसून, उद्या सकाळी होणाऱ्या शस्त्रक्रियेचे संमतीपत्र तिसऱ्यांदा वाचत होतो. त्यात 'शस्त्रक्रिया' हा शब्द दोन ठिकाणी चुकीचा छापला आहे. ज्यांना तो नीट लिहिता येत नाही त्यांना ती नीट करता येईल का, अशी शंका मनात आली. म्हणून संमतीपत्र बाजूला ठेवले, दोन्ही बाजूंनी कोरे असे चार कागद काढले आणि हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, वय वर्षे पंचवीस, शिक्षण आठवी पास आणि नववी सहामाहीपर्यंत, काम वजनकाटे दुरुस्त करण्याचे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायद्याला पोटाशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मी नशेत नाही. दुपारपासून फक्त दोन पेले पाणी प्यालो आहे. डॉक्टर म्हणतात, पित्ताशयातले खडे काढणे ही किरकोळ गोष्ट आहे, आम्ही दिवसाला चार पोटे उघडतो. त्यांची चार असतील. माझे एकच आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, जे काय होईल ते होवो, बहुधा हेच खरे धरावे.

कलम १. माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात एक कागदी पाकीट आहे. त्यात एक नाणे आहे. हे नाणे आमच्या दुकानातल्या डब्यात पडायला हवे. गेले तेवीस दिवस ते पडलेले नाही, कारण ज्याने 'टाक' म्हणायचे तो म्हणत नाही. तो म्हणजे माझ्या शेजारच्या बाकावर काम करणारा कारागीर, ज्याला आम्ही सगळे पिपाणी म्हणतो. बाकी सगळी कलमे नंतर वाचली तरी चालतील. हे आधी वाचावे. मी गेलो तर पिपाणीने हे नाणे घ्यावे की नाही हे त्याच्यावर आहे. पण मी ते देत होतो, एवढी नोंद राहावी.

कलम २. बँकेतली माझी शिल्लक, जी साधारण आठ महिन्यांच्या पगाराइतकी आहे, ती सगळी आईला मिळावी. पासबुक कपाटात साड्यांखाली आहे हे आईला माहीत आहे. मला वाटते मी लपवले आहे, आणि ती मला तसे वाटू देते. घर भाड्याचे असल्यामुळे देता येत नाही. खिडकीजवळची लाकडी खुर्ची माझी आहे, मी पहिल्या पगारातून घेतली होती. तीही आईला. तिने त्या खुर्चीत स्वतः बसावे. दुसऱ्या कोणाला बसवू नये. (या वाक्याबद्दल कलम ६ पाहावे.)

कलम ३. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दीड वर्षापूर्वी माझी शिडी नेली. मागायला गेलो की म्हणतात, "अरे, देतो की, पळून चाललीय का ती?" शिडी पळत नाही, पण परतही येत नाही. ती शिडी त्यांनाच दिली. आता त्यांना ती माझी म्हणून वापरता येणार नाही, स्वतःची म्हणून सांभाळावी लागेल. तिची तिसरी पायरी मोडकी आहे, हे मी त्यांना सांगणार होतो. ते इथे सांगितले, म्हणजे माझ्यावर ठपका नको.

कलम ४. आता दुकानाची रीत सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कोणाला समजणार नाही.

आमचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी मी कामाला लागण्याच्याही आधीपासून दुकानात एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. वजनकाट्याचे काम बारीक असते. दिवसभर चिमटा, कानस आणि भिंग घेऊन मान खाली. बोलणे नसेल तर माणूस वेडा व्हायचा. म्हणून एकमेकांना टोमणे मारायला आमच्याकडे पूर्ण मुभा आहे. पण टोमणा स्वतः घडवलेला हवा. अशा घडवलेल्याला आम्ही शालजोडी म्हणतो. रस्त्यावर मिळते ती तयार शिवी. काका म्हणतात, "तयार शिवी म्हणजे चोरीचा माल. स्वतःच्या भट्टीतलं काही असेल तर काढ." ज्याला लागले त्याने डब्याकडे बोट करून म्हणायचे, "टाक." मग बोलणाऱ्याने एक नाणे टाकायचे. नाणे पडल्याचा आवाज झाला की विषय मिटला. त्यानंतर तोंड फुगवायचे नाही, मनात ठेवायचे नाही. पण 'टाक' म्हटल्याशिवाय कोणाला आपणहून नाणे टाकता येत नाही. काका म्हणतात, आपणहून टाकलं की ती दुसऱ्याची तोंडबंदी झाली. डब्यातल्या पैशांतून दुकानाला टेबलपंखा आला. तो लावताना काका म्हणाले होते, "ही सगळी पिपाणीच्या तोंडची हवा आहे, फक्त आता गार येते."

कुठे थांबायचे याचा काकांचा एकच नियम होता. "संध्याकाळी हात धुताना जे धुऊन जात नाही, त्यावर बोलायचं नाही." बस. पण मला तो नियम ढिला वाटायचा. माझे अक्षर चांगले, शुद्धलेखन पक्के, म्हणून चार वर्षांपूर्वी मी काकांच्या परवानगीने फळ्यावर सात नियम लिहिले. आई-वडील नाहीत. जन्माने मिळालेले शरीर नाही. ताटातले अन्न नाही. मेलेले माणूस नाही. आजारी माणसाला बरे होईपर्यंत माफी. तयार शिवी नाही. आणि त्याच माणसाला तीच शालजोडी दुसऱ्यांदा नाही. जागा पुरेना म्हणून काकांचा जुना नियम पुसला. काका एवढेच म्हणाले, "छान दिसतंय." तेव्हापासून माझे नाव शुद्धलेखन पडले. ते मला लागले नाही. उलट बरे वाटले. कोणत्याही खटल्यात सगळे माझ्याकडे वळायचे.

उदाहरणार्थ, चेहरा. पिपाणी कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "तुझा चेहरा म्हणजे सुट्टी नामंजूर झाल्याचं पत्र." सगळे हसले. मी म्हणालो, चेहरा म्हणजे शरीर, नियम दोन, टाक. पिपाणी म्हणाला, "नाक-डोळे जन्माने मिळाले, ते सोडून दिले. पण हा जो भाव आहे ना तोंडावर, हा तू स्वतः मेहनतीने कमावलायस. त्याचं श्रेय मी तुझ्या आई-वडिलांना कसं देऊ?" काकांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. तेव्हापासून कमावलेले चालू, मिळालेले बंद, असे फळ्यावर बारीक अक्षरात मलाच लिहावे लागले.

तेव्हापासूनच सगळे बिघडले, असे मी म्हणणार नाही. पण तारीख विचारलीत तर तीच सांगेन.

कलम ५. माझ्या बाकाच्या खणात, कानशींच्या खाली, एक निळी वही आहे. तिच्यात दोनशे बारा शालजोड्या आहेत. सगळ्या माझ्या. एकीतही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. त्यातल्या तीनच मी आजवर तोंडाने बोललो. कारण माझी शालजोडी तयार होते तेव्हा चहाचे कप धुऊन झालेले असतात. पिपाणीला वही लागत नाही. त्याच्या तोंडात टाकसाळ आहे. काका कासवाच्या गतीने काम करतात, तर हा सहज बोलून गेला, "काका, तुमच्याकडे काटा दिला की गिऱ्हाईकाने परत न्यायला वारसालाच पाठवायचं." मी यावर सतरा दिवस विचार करत होतो. सतरा दिवस! माझ्या वहीत 'काका आणि वेग' या मथळ्याखाली नऊ मसुदे आहेत. त्याने एका श्वासात सगळ्यांवर बोळा फिरवला. काका डोळे पुसत हसले. अकरा वर्षांत माझ्या कोणत्याही बोलण्यावर काकांनी डोळे पुसलेले नाहीत.

गिऱ्हाईकेही आता येऊन विचारतात, "तो बोलका नाही का आज?" मी म्हणतो, मी आहे. ती म्हणतात, "असू दे, येतो नंतर." काटा तर मी जास्त अचूक लावतो. शंभर ग्रॅमला केसाचाही फरक नाही. पण लोकांना काटा अचूक हवा आणि माणूस सैल हवा.

ही वही मी पिपाणीला देतो. अटी अशा. पान एकतीस ते चाळीस फाडून टाकावीत, ती त्याच्याबद्दलच आहेत. कोणतीही शालजोडी वापरताना आधी म्हणावे, "ही शुद्धलेखनची." बोलताना शब्द बदलू नयेत. आणि त्यातल्या एकीवर जरी काकांनी डोळे पुसले, तर पानावर तारीख घालावी.

माझा पितळी चिमटा आणि बारीक वजनांची लाकडी पेटीही त्यालाच. त्याचा चिमटा वाकडा आहे, आणि मी दिला नाही तर तो माझ्यामागे उचलेलच. त्यापेक्षा दिलेला बरा.

कलम ६. आता आई.

बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. नववीची सहामाही देऊन शाळा सोडली आणि काकांच्या दुकानात बसलो. तेव्हापासून मी आईला एक दिवस उपाशी ठेवले नाही, एक भाडे थकवले नाही, एकदा उलट बोललो नाही. पण हसवलेही नाही. मला वाटायचे, बाबांबरोबर तिचे हसणेही गेले, त्याला कोण काय करणार.

गेल्या वर्षी एका रविवारी पिपाणी माझी दुकानात विसरलेली छत्री द्यायला घरी आला. आईने चहा केला. त्याने एक घोट घेतला, कपात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, खरं सांगा, हा चहा आहे की चहाच्या पातेल्याची आंघोळ?"

पहिल्याच भेटीत, आमच्या घरात बसून, माझ्या आईच्या हातच्या चहाला! मी नियम तीन म्हणणार होतो. पण चहा हे ताटातले अन्न नाही, असा निकाल मीच एकदा दिला होता. तेवढ्यात आई हसली. आधी तोंडावर पदर धरला. मग पदर आवरेना. मग ओट्याला टेकून खाली बसली आणि हसत राहिली. म्हणाली, "मेल्या, पुढच्या रविवारी ये, तुला पातेलंच देते."

तो पुढच्या रविवारी आला. आणि पुढच्या. येताना कधी मोकळ्या हाताने आला नाही, हेही लिहिले पाहिजे. आई शनिवारीच म्हणायची, "उद्या तो येईल, जरा बरी साखर आण." माझ्यासाठी साखर बरी-वाईट कधी नव्हती. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. मी पलंगाच्या कडेला. आई त्याच्याकडे तोंड करून बोलायची. मी तिचे हसणे मोजायचो. एका रविवारी अकरा झाले. वर्षाला एक असे धरले, तर माझा सगळा हिशेब त्याने एका दुपारी फेडला.

चौदा सप्टेंबरच्या रविवारी आईने त्याला निळ्या काठाच्या कपात चहा दिला. तो बाबांचा कप. अकरा वर्षे तो फळीवर सगळ्यात मागे होता. मीही कधी मागितला नव्हता. मला वाटायचे, तो कोणी मागायचा नसतोच. त्याने न मागता त्याला मिळाला. त्याला तर माहीतही नव्हते तो कोणाचा.

मी रात्रभर विचार केला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. सोमवारभर मी वहीत एकच वाक्य घोटले. अकरा मसुदे झाले. मंगळवार, सोळा सप्टेंबर, दुपारी सव्वातीन वाजता पिपाणी मला म्हणाला, "काय रे, आज ढेकरसुद्धा तपासून देतोयस वाटतं?" आणि मी मान वर न करता म्हणालो,

"तुझं काय बाबा. तुझ्या घरी तुझी वाट बघणारं एक कुलूप आहे. आणि तेही तू आलास की सुटका झाल्यासारखं उघडतं."

चहाचे कप धुतलेले नव्हते. शब्द अडखळले नाहीत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शालजोडी होती ती. सातही नियमांतून स्वच्छ पार होत होती. मी आई-वडिलांचे नाव काढले नव्हते. तो लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी वाढला, त्याचे आपले म्हणावे असे कोणी नाही, हे मी बोललोच नव्हतो. फक्त कुलपाबद्दल बोललो होतो.

कोणी हसले नाही. पिपाणी म्हणाला, "वा. एकदम पास." त्याने डब्याकडे बोट केले नाही. मी वाट पाहत होतो. काकांनी माझ्याकडे पाहिले, मग फळ्याकडे, आणि पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी पिपाणी बराच वेळ हात धूत उभा होता. साबण संपत आला तरी. तेव्हा मला काकांचा पुसलेला नियम आठवला. त्यांचा एक होता. मी त्याचे सात केले, आणि त्या सातांमधल्या फटीतून तो एक निसटून गेला.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तुमचा चिमटा मिळेल का जरा?" तुमचा. तीन वर्षांत त्याने मला गाढवापासून मोडक्या काट्यापर्यंत सगळे म्हटले, पण अहो-जाहो कधी केले नव्हते. तेवीस दिवस तो माझ्याशी अदबीने वागतो आहे. इतका अपमान माझा कोणी केलेला नाही.

तीन रविवार तो आला नाही. आई तो कप काढते, पुसते आणि परत ठेवते. "का येत नाही रे तो?" मी म्हणालो, त्याला काम असते. हे खोटे आहे. आई, हे वाचत असशील तर, मी घालवला त्याला. तुला हसताना बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. अजूनही वाटतो, आत्ता लिहितानासुद्धा.

म्हणून पुढीलप्रमाणे. माझ्यामागे पिपाणीने घरी यायला हरकत नाही, मात्र महिन्यातून दोनदाच. खुर्चीत बसू नये. आईने हसायला मनाई नाही, पण पहिल्या महिन्यात जरा बेताने. निळ्या काठाचा कप आईचा आहे, माझा नाही, त्यामुळे तो मला देता येत नाही. फक्त विनंती करतो की तो त्यालाच द्यावा. दुसऱ्या कोणाच्या हातात तो बरा दिसणार नाही. हे मला त्याच दिवशी दिसले होते. म्हणूनच सहन झाले नाही.

कलम ७. काकांना मी मुद्दाम काहीही ठेवलेले नाही. राग नाही. अर्ज टाइप करून देणाऱ्या बाईंनी मला मागेच सांगितले होते, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचे मिळणे बुडते. साक्षीदार दोन लागतात. काका एक. दुसरा मिळत नाही. नर्सबाई म्हणाल्या, आम्हाला परवानगी नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दुपारीच घरी गेले. आईला मिळणार आहे, म्हणून तिची सही चालत नाही. मी यादी करायला बसलो, की कोणाला बोलावले तर केवळ माझ्यासाठी येईल. यादी काकांच्या नावापाशीच संपली. कुलपाचे वाक्य मी कोणाला बोललो होतो, हे तेव्हा नीट कळले.

पुरवणी. वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. साडेपाचला काका आले. मागून आई आली, आणि आईच्या मागे, तिची पिशवी धरून, पिपाणी. आईने त्याला दुकानात जाऊन गाठले होते. पुढे कोणी वाद घालू नये म्हणून झालेले बोलणे आठवते तसे लिहितो.

काकांनी पत्र्याचा डबा आणून माझ्या उशाशी ठेवला. कोणी आजारी पडले की डबा त्याच्या खर्चाला द्यायचा, ही आमची पद्धत. मी काकांना सही करायला सांगितले आणि दुसरा साक्षीदार नाही हे सांगितले. काका म्हणाले, "हा आहे की."

मी म्हणालो, "त्याला चालणार नाही. त्याला देणं ठेवलंय."

पिपाणी म्हणाला, "मला? तुम्ही?" आणि कागद उचलले. मी अडवायला हात पुढे केला, पण हाताला सलाईन होते. तो उभ्या उभ्या वाचत गेला. पहिल्या कलमापाशी थांबला. मग पुढे गेला. सहाव्याला फार वेळ लागला. आई पिशवीतून चहाचा थर्मास आणि निळ्या काठाचा कप काढत होती. टॉवेलात गुंडाळून आणला होता तिने. मला दुधाच्या चहाची मनाई आहे, म्हणजे तो माझ्यासाठी नव्हता, हे मी लगेच हेरले.

पिपाणी हळू आवाजात म्हणाला, "खोटं असतं तर मी तेव्हाच टाक म्हणालो असतो. खरं होतं ते. खऱ्याला दंड कुठल्या नियमात मागू? फळ्यावर आहे का?"

मी म्हणालो, "नाही. होता. मी पुसला."

मी पाकीट काढले आणि धरून बसलो. आपणहून टाकता येत नाही. काका छताकडे बघत होते. आई विचारत होती, "काय झालं? मला कोणी सांगेल का?"

मग पिपाणीने पुन्हा कागदात पाहिले आणि त्याच्या आवाजाला तो जुना सूर आला. "महिन्यातून दोनदाच? अरे, मेल्यावरसुद्धा माझी हजेरी घेणार का तू? मावशी, तुमच्या पोराला खडे कशाने झाले, डॉक्टरांना विचारलंत का? मी सांगतो. दोनशे बारा शालजोड्या गिळून बसलाय हा. उद्या पोट उघडलं की एकेक मोजून बशीत ठेवतील, आणि हा गुंगीतून उठून म्हणेल, थांबा, तिसऱ्यातला उकार दीर्घ आहे!"

आई हसली. खाटेचा दांडा धरून, अगदी त्या दिवशीसारखी. मी मोजले नाही. मोजायचे सुचले नाही, कारण मलाही हसू आले होते आणि उजव्या कुशीत अशी कळ गेली, की नर्सबाई धावत आल्या.

कळ थांबल्यावर मी डब्याकडे बोट केले. "आजारी माणूस. नियम पाच. आणि पित्ताशय म्हणजे जन्माने मिळालेलं शरीर, नियम दोन. दोन नाणी. टाक."

"पित्ताशय मिळालेलं, खडे कमावलेले," पिपाणी म्हणाला. "मी खड्यांबद्दल बोललो."

काकांनी निकाल दिला, "दोन सुटला. पाच लागू. एक नाणं."

"टाकतो," तो म्हणाला. "पण तू आधी. टाक."

त्याने 'तू' म्हटले. मी पाकीट फाडले आणि टाकले. डबा भरलेला असल्यामुळे आवाज फार झाला नाही. पण झाला. सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर पिपाणीने पेन मागितले. मी त्याला पुन्हा बजावले, की सही केलीस तर वही, चिमटा, वजनांची पेटी, सगळे बुडेल. तो म्हणाला, "बुडू दे. तुझं अक्षर बघत जगण्यापेक्षा तुझं तोंड परवडलं." आणि निळ्या कपातून चहाचा घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि आई त्याच्याकडे आधीच हसत बघू लागली.

त्यानुसार दुरुस्ती: कलम ५ मधील चिमटा आणि पेटी आईला. कलम ६ मधील 'महिन्यातून दोनदाच', 'खुर्चीत बसू नये' आणि 'जरा बेताने' हे शब्द खोडले आहेत. खोडल्याच्या प्रत्येक जागी माझी सही आहे. कलम २ मधील 'दुसऱ्या कोणाला बसवू नये' हेही खोडले. त्याला खुर्ची देऊन मी पलंगाच्या कडेला बसतो तेव्हा मला त्रास होतो. तो होणारच, त्यासाठी वेगळे कलम करत नाही. कपाची विनंती कायम आहे. ती देणगी नसल्यामुळे साक्षीने बुडत नाही. हे मी काकांकडून दोनदा विचारून घेतले. शिडी खालच्यांनाच.

निळी वही कोणालाच नाही. मला लागणार आहे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि तपासले. मी सही करताना दोघांनी पाहिले, त्यांनी करताना मी पाहिले.

(सही) लिहून ठेवणारा, कारागीर, वजनकाटे दुरुस्ती
(सही) साक्षीदार पहिला: दुकानाचे मालक, काका
(सही) साक्षीदार दुसरा: कारागीर, शेजारचा बाक, पिपाणी

स्थळ: रुग्णालय, पहिला मजला, खाट क्रमांक सहा
दिनांक ९ ऑक्टोबर, सायंकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे

हिशेब.
डब्यात जमा, माझ्याकडून: नाणे एक.
डब्यात जमा, पिपाणीकडून: नाणे एक, काकांकडून उसने घेतलेले.
खर्च: कागद चार, पाकीट एक, फाटले.
पुसलेला नियम, फळ्यावर परत लिहिणे: बाकी.
पिपाणीला खड्यांवरचे उत्तर देणे: बाकी. वाक्य तयार आहे. उद्या गुंगी उतरल्याबरोबर, कप धुण्याच्या आधी.